बाप्तिस्म्याच्या प्रसंगीं छायाचित्रकाराचें स्थान

मनुष्याच्या हातीं नवें साधन आलें म्हणजे तें कसें चालवावें हें तो लवकर शिकतो. तें कोठें आवरावें हें शिकण्यास मात्र त्याला पुष्कळ अवधि लागतो. कॅमेऱ्याच्या बाबतींत हेंच घडलें आहे. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर ह्या गृहस्थाची छायाचित्रणाची कृति जगापुढें आली, तेव्हां एका चित्रासाठीं कांहीं मिनिटें प्रकाश घ्यावा लागे, व तितका वेळ मनुष्यास निश्चल बसणें दुर्घट असे. आज आमच्या विद्यार्थ्यांच्या घरोघरीं असलेला फोन डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच चित्र घेऊन मोकळा होतो. साधन अतिशय चपळ झालें. तें धरणाऱ्याची मर्यादाबुद्धि त्या मानानें वाढली काय, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न बाजारांत किंवा क्रीडांगणावर फारसा बोचत नाहीं. तेथें सर्वच जण हालत-बोलत असतात. त्यांत आणखी एक मनुष्य धांवला तर कोणाचें कांहीं जात नाहीं. परंतु उपासनामंदिरांत, आणि त्यांतही बाप्तिस्म्याच्या वेळीं, छायाचित्रकारानें कोठें उभें राहावें, कोणतें भिंग वापरावें व केव्हां हात आवरावा, ह्याचा विचार मंडळीनें आणि कॅमेरा वापरणाऱ्या तरुणांनीं मिळून करण्याची वेळ आली आहे, असें आम्हांस वाटतें. आमचे कित्येक माजी विद्यार्थी आज ह्या धंद्यांत आहेत, व सध्यां शिकत असलेल्या पुष्कळांस त्याचा नाद आहे. म्हणून हा विषय वार्षिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

हल्लीं बाप्तिस्म्याचा दिवस आला म्हणजे कित्येक मंडळ्यांतून जो देखावा दिसतो तो वाचकांच्या परिचयाचा आहे. पाळकसाहेब बालकास हातांवर घेतात न घेतात तोंच पहिल्या बांकांवरील आप्तमंडळी उठून पुढें सरसावते. एका बाजूनें मामा, दुसऱ्या बाजूनें आत्या, अशा दहा-बारा जणांच्या हातांत फोन वर उचललेले असतात. पैसे देऊन आणलेला फोटोग्राफर बाप्तिस्मापात्र व मंडळी यांच्या मधोमध येऊन उभा राहतो. त्याचा सोबती मोठा दिवा धरतो. फ्लॅशचा लखलखाट होतो, तान्हें दचकून रडूं लागतें, आई बावरते, आणि मागच्या बांकावरील म्हाताऱ्या आजीला नातवाच्या बाप्तिस्म्यांत काय दिसतें, तर पांच-सहा जणांच्या पाठी! इतकेंही थोडें म्हणून कीं काय, एके ठिकाणीं चित्र नीट साधलें नाहीं म्हणून फोटोग्राफरानें, ‘पाळकसाहेब, जरा पुन्हा एकदां पाणी घ्या,’ अशी विनंति भर उपासनेंत केलेली आम्हीं आमच्या कानांनीं ऐकली आहे.

त्या विनंतींत त्या बिचाऱ्याचा कांहीं दुष्ट हेतु नव्हता. लग्नांत हार पुन्हा घालावयास सांगतात, बक्षीससमारंभांत ढाल पुन्हा हातीं द्यावयास सांगतात. त्याच संवयीनें तो बोलला. परंतु नेमकी हीच गोष्ट बाप्तिस्म्यांत होऊं शकत नाहीं. नायसीन विश्वासांगीकारांत मंडळी एकच बाप्तिस्मा कबूल करते. ज्या मंडळ्या बालबाप्तिस्मा मानतात त्या तो पुन्हा करीत नाहींत. आणि ज्या मानीत नाहींत त्यांच्या मतेंही खरा बाप्तिस्मा आयुष्यांत एकदांच होतो. तेव्हां छायाचित्रकाराच्या दृष्टीनें पाहिलें तर ज्याची दुसरी प्रत निघत नाहीं असा हा प्रसंग आहे. आमच्या सर्व म्हणण्याचें मूळ येथेंच आहे. जें पुन्हा व्हावयाचें नाहीं त्याची तयारी आधीं केली पाहिजे, आणि तें होत असतांना त्यास हात लावतां कामा नये.

दुसरीही एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. बाप्तिस्मा हा घरगुती समारंभ नव्हे. तो मंडळीच्या देखत व्हावा अशी रीत पडली आहे ती उगाच नव्हे. आईबाप वचन देतात, त्याबरोबर पुष्कळ ठिकाणीं सर्व मंडळीही उभी राहून ह्या लेंकराच्या संगोपनांत आपण साह्य करूं असें वचन देते. अशा वेळीं मंडळी ही प्रेक्षक नसून साक्षीदार असते. जो मनुष्य साक्षीदाराच्या आणि ज्या गोष्टीची साक्ष द्यावयाची तिच्या मध्यें उभा राहतो, तो केवळ कोणाचा देखावा अडवीत नाहीं; तो त्या विधीचें एक अंगच झांकून टाकतो.

इतकें वाचून कोणी म्हणेल कीं, मग मंदिरांत कॅमेरा नकोच. असें म्हणणारे वडीलधारे सद्गृहस्थ आमच्या माहितीचे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यास आदरानें उत्तर दिलें पाहिजे. मंडळीच्या दप्तरांत बाप्तिस्म्याचें रजिस्टर असतें. त्यांत बालकाचें नांव, आईबापांची नांवें, तारीख व पाळकाची सही असते. पुढें शाळाप्रवेशास, लग्नास त्याचा उतारा लागतो. तें रजिस्टर मंडळीची आठवण होय. कुटुंबाची आठवण मात्र बहुधा एका चौकटींत भिंतीवर असते. मुंबईस कामाला गेलेला चुलता, बिछान्याला खिळलेले आजोबा, परदेशीं असलेली बहीण, हीं सर्व त्या दिवशीं मंदिरांत येऊं शकत नाहींत. त्यांच्यासाठीं तें एक चित्र म्हणजे जणूं उशिरानें मिळालेलें आमंत्रणच असतें. आणि ज्या बालकाचा बाप्तिस्मा झाला त्याला तर त्या दिवसाचें कांहींच स्मरण राहावयाचें नाहीं. आपणांस कोणीं हातांवर घेतलें होतें, आपल्याभोंवतीं कोण उभें होतें, हें त्यास पुढें त्या चित्रावरूनच कळावयाचें. म्हणून चित्र घ्यावें. पण तें असें घ्यावें कीं, चित्रासाठीं प्रसंग मोडला असें कोणास म्हणतां येऊं नये.

आतां भिंगाविषयीं. आमच्या मतें ह्या कामांतील पुष्कळसा बेशिस्तपणा उद्धटपणामुळें होत नाहीं, तर चुकीच्या भिंगामुळें होतो. हें विधान चमत्कारिक वाटेल, परंतु त्याचा पडताळा कोणाही विद्यार्थ्यास घरीं पाहतां येईल. भिंगाचें नाभीय अंतर जितकें कमी तितका देखावा विस्तृत, व जितकें अधिक तितका तो आटोपशीर. ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, त्यांत हिशेब असा: विषय जितक्या फुटांवर असेल त्या संख्येस ३६ नें गुणावें व नाभीय अंतराच्या मिलिमीटरांनीं भागावें, म्हणजे चित्रांत किती फूट रुंदी मावेल तें निघतें. १५ फुटांवरून ३५ मिलिमीटरचें भिंग सुमारें १५ फूट रुंदी घेतें, ५० चें सुमारें ११ फूट, आणि ८५ चें सव्वासहा फुटांच्या आसपास. फोनचें मुख्य भिंग ह्या मापानें साधारण २४ ते २८ मिलिमीटरचें असतें. म्हणजे तितक्याच अंतरावरून तें जवळजवळ २० फुटांचा देखावा घेतें. त्यांत बालकाचें मुख तिळाएवढें दिसणार हें उघड आहे. मग मामा काय करतो? तो चार पावलें पुढें जातो. तरी मनासारखें दिसत नाहीं, म्हणून आणखी चार पावलें जातो. आणि अखेर पाळकसाहेबांच्या कोपराशीं जाऊन उभा राहतो. त्याला तेथें त्याच्या उद्धटपणानें नेलें नाहीं, त्याच्या भिंगानें नेलें.

ह्यावरून जो नियम निघतो तो असा: आधीं जागा ठरवावी, मग तिला शोभेल तें भिंग निवडावें. ज्यानें उलट केलें, म्हणजे हातीं आलेलें भिंग घेऊन जो निघाला, त्याची जागा भिंग ठरवील, आणि भिंगाला मंदिराची मर्यादा कळत नाहीं. जागा अशी असावी कीं, जेथून बालकाचें मुख व पाण्याचें पात्र दिसेल, जेथें एखाद्या खांबाचा किंवा भिंतीचा आडोसा असेल, आणि जेथें उभें राहिल्यानें एकाही बांकावरील मनुष्याची दृष्टि अडणार नाहीं. अशी जागा बहुधा बाजूच्या वाटेवर, पात्रापासून १५ ते २० फुटांवर सांपडते.

त्या जागेवरून पाळकसाहेब, आईबाप व बालक एवढीं माणसें चौकटींत घ्यावयाचीं तर सहा ते आठ फूट रुंदी पुरते. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यास ८५ मिलिमीटरचें भिंग ह्या कामीं उत्तम. ज्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान, म्हणजे सुमारें २४ मिलिमीटर रुंद असतो, आणि विद्यार्थ्यांपाशीं बहुधा तसलेच असतात, त्यांनीं वरील हिशेबांत ३६ च्या जागीं २४ घ्यावे. मग असें दिसून येईल कीं, १५ फुटांवरून ५० मिलिमीटरचें भिंग ७ फुटांहून किंचित् अधिक रुंदी घेतें, म्हणजे नेमकी हवी तितकी. एफ १.८ छिद्राचें ५० मिलिमीटरचें भिंग हें बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त भिंगांपैकीं एक असून वजनानें व आकारानेंही लहान असतें. ज्याला एकच भिंग विकत घेणें शक्य आहे त्यानें हेंच घ्यावें, अशी आमची स्पष्ट शिफारस आहे. दुसरें घेतां आलें तर ३५ मिलिमीटरचें घ्यावें. त्यायोगें उभी राहिलेली मंडळी, खिडक्या व छत यांसह सबंध प्रसंग एका चित्रांत येतो. असें एक तरी चित्र असावेंच. कारण बालकाचा बाप्तिस्मा एका समाजांत झाला हें तेंच सांगतें.

कोणी विचारील कीं, कॅमेऱ्याबरोबर जें १८ ते ५५ मिलिमीटरचें झूम भिंग मिळतें तें कां नको? तें दिवसाउजेडीं चांगलें; परंतु मंदिरांत त्याची अडचण होते. लांबवलें असतां त्याचें छिद्र एफ ५.६ च्या वर उघडत नाहीं. एफ १.८ चें भिंग त्याच्या जवळजवळ दसपट प्रकाश आंत घेतें. ह्याचा अर्थ असा कीं, जेथें एका भिंगास सेकंदाचा १२५ वा हिस्सा पुरतो तेथें दुसऱ्यास १३ वा हिस्सा लागतो, आणि तितक्या वेळांत पाळकाचा हात हालून पाण्याचा थेंब पुसट होऊन जातो. मग फोटोग्राफर फ्लॅशकडे वळतो. पुन्हा तीच गोष्ट: फ्लॅश हा हौसेनें लावला जात नाहीं, मंद भिंगामुळें लावावा लागतो. उजळ भिंग व आयएसओ १६०० ते ६४०० एवढें असेल तर आमच्याकडील बहुतेक मंदिरांतून सकाळच्या उपासनेस फ्लॅशची गरज पडूं नये. आयएसओ वाढविल्यानें चित्रांत थोडी कणी दिसते हें खरें. परंतु ती कणी कोणाच्या प्रार्थनेंत विघ्न आणीत नाहीं, आणि लखलखाट आणतो.

७० ते २०० मिलिमीटरचें मोठें झूम भिंग पुष्कळ धंदेवाईक लोक बाळगतात. त्याच्या गुणांविषयीं वाद नाहीं, एफ २.८ चें असेल तर तें मंदिरांतही काम देतें. परंतु तें एक ते दीड किलो वजनाचें असून तोफेसारखें दिसतें, आणि लहान मंदिरांत तें उचललें कीं सर्वांचे डोळे तिकडे वळतात. प्रशस्त मंदिरांत, गच्चीवरून किंवा मागच्या खांबापासून वापरावयाचें असेल तर तें योग्य. चाळीस-पन्नास माणसांच्या खेड्यांतील मंदिरांत तें पोतडींतच राहूं द्यावें. आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्या प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकारानें आपलें बहुतेक काम लहानशा लायका कॅमेऱ्यानें व ५० मिलिमीटरच्या भिंगानें केलें, आणि कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग तो काळ्या पट्टीनें झांकीत असे. लोकांचें लक्ष आपल्याकडे नसावें ही त्याची इच्छा होती. जें जगप्रसिद्ध मनुष्यास पुरलें तें आपणांस अपुरें पडण्याचें कारण नाहीं.

कांहीं बारकाव्यांचा उल्लेख येथेंच करतों. ८५ मिलिमीटरच्या भिंगाचें छिद्र एफ १.८ वर पूर्ण उघडलें तर १५ फुटांवर जेमतेम एक फुटाची खोली स्पष्ट येते. बालक स्पष्ट व आई पुसट, असा प्रकार होतो. एफ २.८ केल्यास तीच खोली दीड फुटाच्या आसपास जाते, व दोघांचीं मुखें साधतात. शुभ्र झगा व शुभ्र साडी यांमुळें कॅमेऱ्याचें प्रकाशमापन फसतें व चित्र काळसर येतें. म्हणून प्रकाश मुखावरून मोजावा. केंद्र साधण्यासाठीं कॅमेऱ्यांतून जो तांबडा वा हिरवा दिवा लागतो तो व ‘पीं’ असा निघणारा आवाज, दोन्ही घरूनच बंद करून यावें. हल्लींच्या आरसाविरहित कॅमेऱ्यांत निःशब्द शटर असतें, तें ह्या कामीं वरदानच होय. पण त्याची एक खोड आहे. आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची असल्यामुळें ट्यूब व कित्येक एलईडी दिवे सेकंदांत १०० वेळां मंद-प्रखर होतात, आणि निःशब्द शटर चित्र ओळीओळीनें टिपत असल्यामुळें त्यांवर आडवे पट्टे उमटतात. शटर सेकंदाच्या ५० व्या किंवा १०० व्या हिश्श्यावर ठेवल्यास हे पट्टे बहुतांशीं टळतात. तरी ज्या दिव्यांखालीं काम करावयाचें त्यांखालीं आदल्या दिवशीं चार चित्रें घेऊन पाहावींत. पट्टे न गेल्यास साधें शटर वापरावें, व तें गीताच्या सुरांत दाबावें.

मंदिराची रचना व मंडळीची रीत यांवरही पुष्कळ अवलंबून असतें. जुन्या अँग्लिकन मंदिरांतून दगडी बाप्तिस्मापात्र बहुधा प्रवेशद्वाराजवळ असतें. बाप्तिस्मा हा मंडळींतील प्रवेश होय, हा त्यांतील भाव. तेथें मंडळी मागें वळून पाहते, व उघड्या दारांतून येणारा प्रकाश पात्रामागें पडला तर मुखें काळीं येतात. अशा वेळीं दार आपल्या पाठीशीं किंवा बाजूस येईल अशी जागा घ्यावी. त्या प्रकाशासारखा सौम्य प्रकाश कोणत्याही दिव्याचा नाहीं. काँग्रिगेशनल वा प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मंदिरांतून पुढच्या मेजाजवळ लहानसें भांडें असतें. तेथें बाजूच्या खिडकीचा उपयोग करावा. खेड्यांतील पत्र्याच्या छपराच्या मंदिरांत दुपारीं दारांतून डोळे दिपविणारें ऊन व आंत काळोख असतो. तेथें पाळकसाहेबांस आधीं विचारून मेज हातभर सरकवितां आलें तर अर्धें काम होतें. विधि सुरू झाल्यावर मात्र कांहीं सरकवावयास सांगूं नये.

१९७० सालीं नागपूर येथें सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, व तिच्यांत बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करणाऱ्या प्रौढांचा बाप्तिस्मा या दोन्ही रीतींस स्थान मिळालें. त्यामुळें आमच्याकडील छायाचित्रकारास दोन्ही प्रकारांची ओळख असली पाहिजे. जेथें पाण्यांत बुडवून बाप्तिस्मा देतात, मग तो हौदांत असो कीं नदींत असो, तेथें माणूस पाण्यांतून वर येतो तो क्षण चित्राच्या दृष्टीनें फार मोहक असतो. परंतु त्याच क्षणीं ओलीं वस्त्रें अंगास चिकटलेलीं असतात. बहिणींचा बाप्तिस्मा असेल तर त्या वेळीं केवळ मुख व खांदे येतील इतकेंच चित्र घ्यावें, किंवा कॅमेरा खालीं करून कोणी चादर पांघरीपर्यंत थांबावें. नदीवर लांब नाभीय अंतराचें भिंग शोभतें, कारण तेथें कांठावरून हलूं नये हेंच उचित. परंतु लांबचें दिसतें म्हणून सर्वच टिपावें असें नाहीं.

येथें ‘लक्ष न वेधतां काम करणें’ ह्याचा खरा अर्थ सांगितला पाहिजे. एरिख सालोमोन ह्या जर्मन छायाचित्रकारानें १९२८ सालीं, कॅमेऱ्यास मनाई असलेल्या न्यायालयांत, टोपींत कॅमेरा दडवून चित्र घेतल्याचें प्रसिद्ध आहे. त्याचें कौशल्य थोर होतें. पण तें आपल्या कामाचें उदाहरण नव्हे. चोरून काम करणें निराळें व मर्यादेनें काम करणें निराळें. मंदिरांतील छायाचित्रकार लपलेला नसावा. तो कोण, कोठें उभा राहील, हें पाळकांस, आईबापांस व मंडळीस ठाऊक असावें, आणि ठाऊक असूनही त्याची आठवण कोणास होऊं नये. त्यासाठीं त्यानें आधल्या रविवारीं उपासनेस बसून क्रम समजून घ्यावा. शनिवारीं जागा पाहावी. साध्या, गडद रंगाच्या पोशाखांत व वाजणार नाहीं अशा पादत्राणांत यावें. आणि जागा बदलावयाची तर मंडळी गीतास उठते त्या वेळींच बदलावी. प्रार्थना चालू असतांना कॅमेरा डोळ्यास लावूं नये. तो स्वतः ख्रिस्ती नसला तरी हरकत नाहीं. दुसऱ्याच्या घरीं देवपूजा चालली असतां आपण जसें वागतों तसें त्यानें वागावें म्हणजे झालें.

आणि काय टिपावें? पाण्याचा क्षण तर हवाच. परंतु ज्यानें आपली जागा सोडली नाहीं त्यास इतर पुष्कळ गोष्टी दिसतात, ज्या धांवणाऱ्यास दिसत नाहींत: लेंकरूं पाळकाच्या हातीं देतांना आईची बोटें क्षणभर सुटत नाहींत ती, बापाचे पुटपुटणारे ओंठ, पाणी पडल्यावर बालकाची वळलेली मूठ, आणि आपल्या लहान भावाचें काय चाललें आहे हें पाहण्यासाठीं बांकावर उभी राहिलेली पांच वर्षांची बहीण. अशीं चार चित्रें शंभर चित्रांहून अधिक बोलतात. आणि एखादा क्षण हुकला तर हुकूं द्यावा. तो मंडळीनें पाहिला आहे. तो व्यर्थ गेलेला नाहीं.

चित्र घेऊन झालें म्हणजे जबाबदारी संपली असें नाहीं. बालकाचें नांव, मंदिर व तारीख यांसह त्याचें चित्र इंटरनेटवर घालणें हा आईबापांच्या संमतीवांचूनचा अधिकार कोणाचाच नाहीं, मंडळीचाही नाहीं. प्रौढांच्या बाबतींत तर अधिकच जपलें पाहिजे. बाप्तिस्मा घेणारा मनुष्य कधीं कधीं घरच्यांशीं अजून मोकळेपणानें बोललेलाही नसतो. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्यांच्या घरावर व लक्ष्मीबाईंवर कोणता प्रसंग गुदरला, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. ती हकीकत लक्ष्मीबाईंनीं पुढें, त्यांस योग्य वाटलें तेव्हां व त्यांच्या स्वतःच्या शब्दांत सांगितली. असा अधिकार प्रत्येक मनुष्यास आहे. कोणा उतावळ्या तरुणानें दुपारच्या जेवणाआधींच चित्र गांवभर पाठवून तो हिरावून घेतला, तर त्या मनुष्याचें किती नुकसान झालें हें तो तरुण कधीं जाणूंही शकणार नाहीं.

सारांश, आमची मंडळ्यांस सूचना अशी आहे. पंचांनीं किंवा वडीलमंडळानें ठराव करून प्रत्येक बाप्तिस्म्यास एकच छायाचित्रकार नेमावा, व त्याची जागा पाळकांच्या संमतीनें आधीं ठरवून द्यावी. फ्लॅश व मोठे दिवे उपासनेंत लावूं नयेत. पाण्याचा विधि चालू असतां बाकीच्यांनीं फोन खिशांत ठेवावे, अशी सूचना पाळकसाहेबांनीं उपासनेच्या आरंभींच प्रेमानें द्यावी. आणि त्याबरोबर असेंही सांगावें कीं, आशीर्वादानंतर सर्व आप्तांसह पात्राजवळ चित्रें घेण्यास वेळ ठेवला आहे. तेथें मामानें मनमुराद चित्रें घ्यावींत. त्यास कोणाची ना नाहीं. पैसे देऊन आणलेल्या फोटोग्राफरास हे नियम आमंत्रणाबरोबरच कळवावेत, कारण आजवर त्यानें जें केलें त्यांत निम्मा दोष त्यास कोणीं कांहीं न सांगितल्याचा आहे. चित्रांची एक प्रत कुटुंबास द्यावी, व त्यांची इच्छा असल्यास एक मंडळीच्या दप्तरीं ठेवावी.

असे नियम केल्यानें गरिबांची गैरसोय होईल, कारण नेमलेल्या फोटोग्राफराचा खर्च त्यांस झेपणार नाहीं, असा आक्षेप येण्यासारखा आहे, व तो खरा आहे. त्याचा उपाय आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं आहे. ज्या मुलास वर सांगितलेलें लहानसें भिंग वापरतां येतें, ज्यास १५ फुटांवर अर्धा तास उभें राहतां येतें, व ज्यास न घेतलेल्या चित्राचें दुःख सोसतां येतें, त्यानें आपल्या मंडळींत ही सेवा विनामूल्य करावी. भिंग विकत मिळतें, यंत्राची माहिती पुस्तकांतून मिळते. अर्धा तास निश्चल उभें राहण्याची विद्या मात्र ज्याची त्यानें कमवावी लागते, आणि ती कमावण्यास शाळेचीं हीं वर्षेंच सर्वांत सोयीचीं आहेत.